पाचव्या दिवशी बंद पडलेला आगमनकाळ

ताई,
माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर अहिल्यानगरचं, प्रॉटेस्टंट. आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलं तीन. मुलगी नऊ वर्षांची, मधला सहाचा, धाकटा तीनचा. गेल्या वर्षी मी इंटरनेटवरून आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पंचवीस दिवसांचा आराखडा उतरवून घेतला होता. रोज एक वचन, एक हस्तकला, एक खाऊ आणि एक सत्कृत्य. पाचव्या दिवशी सगळं बंद पडलं. मेणबत्ती कोणी पेटवायची यावरून थोरल्या दोघांची मारामारी झाली आणि नेमकं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, "हे मेणबत्त्यांचं चक्र कॅथलिकांचं, आपल्यात नाही." नवरा साडेआठला घरी येतो, तोवर मुलं जेवून पेंगुळलेली असतात. त्यात शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची ख्रिसमस पार्टी. मुलांच्या लेखी नाताळ म्हणजे सांता आणि केक, बस. यंदा नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे येणार आहे, जानेवारीची तारीख दिलीये, म्हणजे गडबडीत भर. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करायला सुचतच नाही. यंदा पुन्हा करून बघू की नाद सोडू?
— एक आई, पुणे

नाद सोडू नका. तो आराखडा मात्र रद्दीत द्या. रोज चार गोष्टी, पंचवीस दिवस, म्हणजे शंभर कामं झाली आणि ती सगळी एकट्या तुमच्या डोक्यावर. असले आराखडे करणाऱ्यांच्या घरी गॅदरिंग नसतं, पाहुणे नसतात आणि स्वयंपाक बहुधा आपोआप होत असावा. पाच दिवस रेटलंत हेच पुष्कळ झालं.

शिवाय ते तारखांतही चुकतात. ते १ डिसेंबरला सुरू होतात. आगमनकाळ सुरू होतो रविवारी, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. यंदा तो २९ नोव्हेंबरला आहे. पुढचे रविवार ६, १३ आणि २० डिसेंबर, नाताळ शुक्रवारी. कॅलेंडरवर हे चार रविवार आत्ताच गोल करून ठेवा. बाकी काही जमलं नाही तरी हे चार सांभाळायचे, एवढं मनाशी ठरवा.

आता मुख्य गोष्ट. सोसायटीत, मॉलमध्ये, शाळेत महिनाभर नाताळच चालू असतो. झाड लागलेलं, सांता येऊन गेलेला, केक कापून झालेला. पंचवीस तारीख उजाडेपर्यंत मुलं त्या सगळ्याला कंटाळलेली असतात. तुम्ही घरी आणखी एक छोटा नाताळ रोज साजरा करायला गेलात, तर त्याच गर्दीत भर पडेल. आगमनकाळात साजरं करायचं नसतं, वाट बघायची असते. आपल्या मुलांना हल्ली वाट बघायला कोणी लावत नाही. हवं ते दहा मिनिटांत दारात येतं. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीचा आहे: घरात काहीतरी अपुरं ठेवा आणि मुलांना ते अपुरेपण रोज दिसू द्या.

आणि तुम्ही ज्याला गडबड म्हणता ना, त्या तुमच्या नणंदबाई, त्या म्हणजे यंदाची तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय जवळजवळ सगळा दोन गरोदर बायकांचा आहे. एक म्हातारपणी दिवस राहिलेली अलीशिबा, दुसरी कोवळी मरीया, आणि मरीया घाईघाईने डोंगराळ भागात तिच्याकडे जाते. तुमच्या घरात मुलं रोज आत्याचं पोट बघणार आहेत. बाळ कधी येणार, आज का नाही, आत काय करतं, हे प्रश्न विचारणारच आहेत. ज्या दिवशी मरीया अलीशिबेच्या दारात येते आणि पोटातलं बाळ उडी मारतं तो भाग वाचाल, त्या दिवशी आत्याला मधोमध बसवा. तिची हरकत नसेल तर मुलांना पोटावर हात ठेवू दे. तिथे हस्तकलेचा कागद काय करणार?

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. मुद्दा नाजूक आहे, म्हणून आधी माहिती सांगते. ते मेणबत्त्यांचं चक्र मुळात प्रॉटेस्टंटांचं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे लुथरन पाळक होते. त्यांनी १८३३ साली गरीब, वाऱ्यावर सुटलेल्या मुलांसाठी एक आश्रमघर काढलं. ती मुलं डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ आज का? उद्या का? तेव्हा १८३९ साली विखर्ननी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक वाढवत गेले. मुलं मोजायलाही शिकली म्हणतात. कॅथलिक चर्चमध्ये ही पद्धत पोहोचली ती जवळजवळ शंभर वर्षांनी, १९२० च्या दशकात. म्हणजे तुमच्या वसईच्या चर्चमध्ये जे चक्र तुम्ही लहानपणी पाहिलंत, ते सासूबाईंच्याच बाजूने आलेलं आहे.

हे वाचून लगेच स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सुनावू नका, एवढी विनंती. त्यांचं म्हणणं तारखेबद्दल नव्हतंच. घरात नवीन काही सुरू झालं आणि त्यात आपल्याला जागा नाही, असं त्यांना वाटलं असणार. नगरकडच्या त्यांच्या पिढीच्या बायकांनी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, अध्यायच्या अध्याय पाठ केलेले असतात, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर झोपेतही म्हणतील. ही शिदोरी तुमच्या घरात बसून आहे आणि तुम्ही इंटरनेट शोधत होतात! कथा सांगायचं काम त्यांच्याकडे द्या. "आई, मला एवढं पाठ नाही, तुम्ही सांगाल का?" असं विचारा. तुम्हाला मोठ्याने प्रार्थना सुचत नाही, तो प्रश्नही इथेच अर्धा मिटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रभूची प्रार्थना आहे. ती दोन्ही घरांत म्हणतात, शब्दांत कुठे फरक पडला तर मुलांना दोन्ही शिकवा. स्वतःच्या शब्दांत मोठ्याने बोलता आलं नाही म्हणून प्रार्थना अडत नाही. मुलांकडून मात्र एक वाक्य घ्या: आज कोण कशाची वाट बघतंय, त्याच्यासाठी. आत्या बाळाची, वॉचमनकाका गावी जायच्या रजेची, मधला बहुतेक सायकलची. सायकल आली तरी हसू नका.

आता चक्र. त्यासाठी काही विकत आणायला नको. स्टीलची परात घ्या, तिच्यात दोन बोटं वाळू पसरा आणि चार मेणबत्त्या रोवा. चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. जांभळा रंग तयारीचा आणि पश्चात्तापाचा, गुलाबी तिसऱ्या रविवारची, त्या दिवशी अर्धी वाट सरली म्हणून जरा आनंद करायचा. रंगीत मिळाल्या नाहीत तर साध्या पांढऱ्यांना फिती बांधा. भोवती सुरूच्या फांद्या लावा, वसईला गेलात तर घेऊन या. पण सुरू आठ-दहा दिवसांत वाळतो आणि वाळलेला सुरू फार भसकन पेटतो. तेव्हा दर रविवारी फांद्या बदला, परात पडद्यापासून लांब ठेवा आणि तीन वर्षांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आई खोलीत असेल तरच मेणबत्ती पेटेल, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मारामारीचं काय? ती होणारच, कारण तीन मुलांत काम एकच होतं. कामं वाढवा. दिवे कोण मालवणार, मेणबत्ती कोण पेटवणार (तुमचा हात धरून), वाचणार कोण, आणि शेवटी फुंकर कोण मारणार. फुंकर मारणं हे सगळ्यात मानाचं काम असतं, ते धाकट्याला कायमचं देऊन टाका. तीन वर्षांचा मुलगा सात मिनिटं शांत बसेल ते त्या एका फुंकरीच्या आशेवर. थोरल्या दोघांची पाळी फ्रिजवर लिहून लावा. लिहिलेल्यावर मुलं भांडत नाहीत असं नाही, पण भांडण तुमच्याकडे न येता फ्रिजकडे जातं.

वेळ एकच ठरवा. मुलं साडेसातला जेवत असतील तर ताटं मांडून झाल्यावर, वाढायच्या आधी. भूक लागलेली असते म्हणून कोणी रेंगाळत नाही, हा त्यातला फायदा. दिवे मालवा, मेणबत्ती लावा, पाच-सहा ओळी वाचा किंवा आजीने सांगाव्यात, एक कडवं गा, एक एक वाक्य प्रार्थना, फुंकर, जेवायला बसा. सात मिनिटांवर जाऊ देऊ नका. मुलं "अजून" म्हणाली तरी उद्यासाठी ठेवा. नवऱ्याला या रोजच्या भानगडीतून मोकळं करा, नाहीतर त्यांची वाट बघण्यात मुलं झोपतील आणि तुम्ही चिडाल. चार रविवार त्यांचे. रविवारची नवीन मेणबत्ती त्यांच्या उपस्थितीतच लागेल आणि त्या दिवशी वाचन त्यांचं, हे आधी कबूल करून घ्या.

काय वाचायचं? लूकचे चोवीस अध्याय, १ ते २४ डिसेंबर रोज एक, असं काही जण सुचवतात. हिशेब छान जमतो. पण लहान मुलांना एकेक अध्याय झेपत नाही, आणि या पद्धतीने येशूचा जन्म २ डिसेंबरला होऊन जातो आणि ऐन २३ तारखेला तुम्ही वधस्तंभापाशी असता. मोठ्यांनी जरूर करावं. तुम्ही पहिला अध्याय सावकाश घ्या. पहिला आठवडा अलीशिबेचा नवरा जखऱ्या आणि मंदिरातला देवदूत. दुसरा आठवडा देवदूत गब्रीएल मरीयेकडे येतो आणि ती अलीशिबेकडे जाते. तिसरा आठवडा अलीशिबेच्या बाळाचा, योहानाचा जन्म. चौथ्या आठवड्यात मत्तयातलं योसेफाचं स्वप्न आणि मग नावनिशीसाठी बेथलेहेमला निघालेली दोघं. तिथे थांबायचं. जन्माचं वाचन २४ च्या रात्रीच. मुलं म्हणतील, आम्हाला माहितीये पुढे काय होतं. माहीत असू दे. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं ख्रिस्तपुराण बघा. मराठी ओव्यांच्या त्या ग्रंथात अख्खं पहिलं पुराण जुन्या कराराचं आहे, येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. हजारो ओव्या ऐकणाऱ्यांना त्यांनी वाट बघायला लावली, आपल्याला साडेतीन आठवडे काय जड आहेत?

पहिल्या आठवड्यातला जखऱ्या मुलांना फार आवडतो, त्याचा नीट उपयोग करा. देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा जाते, ती बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी परत येते. एका रविवारी वडिलांना जखऱ्या करा. जेवणभर त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. भाजी हवी तर खूण, मीठ हवं तर खूण. मुलं मुद्दाम चुकीचं वाढतील, आमटी मागितली तर ताक ओततील, वडील डोळे वटारतील, सगळे खिदळतील. आणि शेवटी वडिलांनी पाटी मागवून त्यावर खडूने लिहायचं: त्याचं नाव योहान. खरोखरची पाटी आणि खडू घ्या, मोबाइलवर टाइप करायचं नाही. थोरलीने ते मोठ्याने वाचलं की वडिलांची वाचा परत. सहा वर्षांचा मुलगा ही गोष्ट मोठा झाला तरी विसरणार नाही, आणि त्यासाठी तुम्हाला काही कापावं-चिकटवावं लागलं नाही.

तो खडू हाताशी आहेच, तर आणखी एक करा. दुकानात चॉकलेटवाली कॅलेंडरं आलीत, रोज एक खिडकी उघडा आणि खा. त्यांच्या आधी जर्मनीतली प्रॉटेस्टंट घरं दारावर खडूने रेघा ओढायची आणि मूल रोज एक रेघ पुसायचं. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला २९ नोव्हेंबरला २६ रेघा ओढा, रविवारच्या जरा लांब. रोज रात्री एक पुसायची. चॉकलेटपेक्षा यात मजा कमी आहे असं मुलांना दोन दिवस वाटेल.

गोठ्याबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाही, याचं नवल वाटलं. वसईची मुलगी आणि गोठा नाही? चक्र सासरच्या बाजूचं निघालं, तर गोठा तुमच्या माहेरचा. असिसीच्या संत फ्रान्सिसनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी गवत, बैल, गाढव आणून पहिल्यांदा तो देखावा उभा केला, तिथून ही प्रथा पसरली. दोन्ही घरांचं एकेक आलं की सासूबाईही खूश. गोठा तयार आणू नका, आणि एका दिवसात उभाही करू नका. खोक्याचा, कामट्यांचा, जसा येईल तसा, पण हळूहळू. पहिल्या आठवड्यात नुसता रिकामा गोठा. मग बैल आणि गाढव. मरीया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बेडरूममधल्या कपाटावर ठेवा आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवा. शिलाई मशीन, टीव्हीचं टेबल, शू-रॅक. शू-रॅकवर मुक्काम पडला की मुलं हळहळतात, बरं असतं ते. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी. बाळाची मूर्ती कुठे ठेवलीये ते फक्त तुम्हाला माहीत असू दे. धाकटा रोज जाऊन बघेल, आलं का म्हणून. मघाशी अपुरं ठेवा म्हटलं ते हे.

आणि गोठ्यातलं गवत पेरायचं. हे मात्र मुलांच्या हातूनच. गोव्यात, मुंबईकडे कितीतरी ख्रिस्ती घरांत नाचणी किंवा गहू पेरतात. तुम्ही नाचणी घ्या, तिचं गवत बारीक आणि मऊ येतं, मूर्तींच्या मापाला शोभतं. शनिवारी १२ तारखेला मूठभर नाचणी पाण्यात भिजत घाला. रविवारी पसरट ताटलीत बोटभर ओलसर माती घेऊन त्यावर दाट पसरा, वर चिमूट चिमूट माती भुरभुरवा. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, हे सहा वर्षांच्या मुलाला तीनदा सांगावं लागेल, कारण तो ओतणारच. मग ताटलीत तळं होतं, दाणे एका कडेला वाहून जातात आणि त्या बाजूला जंगल, या बाजूला टक्कल. तरी चालतं, टक्कलाच्या जागी मेंढपाळ बसवा. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, रोज सकाळी दात न घासता मुलं खिडकीशी जातात. मग एका सकाळी पांढरे कोंब दिसतात, आणि २४ पर्यंत हिरवी लव उभी राहते. ताटली कबुतरांपासून जपा. पुण्यात फ्लॅटच्या खिडकीत ती काही ठेवत नाहीत.

सत्कृत्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, बाळाला मऊ बिछाना व्हावा म्हणून, ही जुनी आणि गोड पद्धत आहे. पण नऊ वर्षांची मुलगी ही काड्या मोजणारी पोलीस होते. "मम्मी, त्याने काडी टाकली पण त्याने काहीच केलं नव्हतं." म्हणून नियम असा करा की काडी कोणी बघत नसताना टाकायची आणि कशासाठी टाकली ते सांगायचं नाही. तुम्ही दोघांनी आणि आजीनेही टाका. फळवाल्याकडे पेटीतला पेंढा मागितला तर फुकट देतो.

फराळ तर तुम्ही करणारच असाल. नगरच्या पद्धतीच्या करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि तुमच्याकडचे कुलकुल. त्यासाठी वेगळी भक्ती लावू नका, तीच भक्ती समजा. कुलकुल मुलांना जमतात. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघांची वळी होते. हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, आजीला गोष्ट सांगायला आणि मुलांना नको ते प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ नाही. ("देवदूत मरीयेकडे आला तेव्हा तिची आई कुठे होती?" याचं उत्तर तयार ठेवा. शास्त्रात ते दिलेलं नाही, तसंच सांगा.) तळलेलं चाखायला द्या, पण डबा २४ पर्यंत बंद. आणि दिवाळीत शेजारून आलेले डबे आपल्याकडे रिकामे परत जात नाहीत, तेव्हा मजल्यावरच्या घरांची यादी थोरलीला करू दे. पंचवीसला सकाळी ताटं घेऊन तिनेच जायचं.

सांताशी भांडत बसू नका. ६ डिसेंबरला संत निकोलसचा सण असतो, यंदा दुसरा रविवारही त्याच दिवशी आहे. चौथ्या शतकात मायरा या गावचे ते बिशप, लपूनछपून गोरगरिबांना देणारे, असं त्या दिवशी सांगून टाका. सोसायटीच्या पार्टीला खुशाल जा. घरी येऊन परात पुढे ओढायची, एवढंच.

थोरली जरा समजती आहे, तिला शेवटच्या आठवड्यात स्वतःचं काहीतरी द्या. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या प्राचीन प्रार्थनेत येशूला रोज एका नावाने हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचा धुमारा, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. तिने रोज एक चित्र काढून खडूच्या रेघांशेजारी चिकटवावं. किल्ली आणि सूर्य सोपे आहेत, ज्ञानाचं चित्र काय काढते ते मला कळवा. ही एकच हस्तकला मी मंजूर करते.

मध्ये दिवस बुडतील. गॅदरिंगच्या दिवशी बुडेल, कोणाला ताप येईल, नणंदेला एखाद्या रात्री दवाखान्यात न्यावं लागेल. बुडालेला दिवस भरून काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी दोन रेघा पुसायच्या आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी बंद पडलं ते बहुधा म्हणूनच, एक दिवस गेला आणि मग सातवा, आठवा असं कर्ज चढत गेलं.

२४ च्या रात्री कुठे जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या घरात विचारलं जाणार. रात्री तुमच्या चर्चची मिस्सा, सकाळी सासूबाईंच्या मंडळीची उपासना. दोन्हीला सगळ्यांनी जाऊ नये, मुलं पेंगतात. नणंदेजवळ कोणीतरी थांबायला लागेलच, ती पाळी आत्ताच ठरवा. निघण्यापूर्वी घरी लूकचा दुसरा अध्याय वाचा आणि बाळ गव्हाणीत धाकट्याने ठेवायचं. मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून बाळाला बघायला निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी, तेव्हा अजून शू-रॅकवरच असतील. त्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, प्रकटीकरणाच्या सणाला पोहोचवा, म्हणजे गोठा २६ तारखेलाच माळ्यावर जात नाही. नाचणी तोवर पिवळी पडू लागते, ती कुंडीत टाका.